रत्नागिरी पॅसेंजर आणि अर्धी उघडलेली स्टेशनं

कामथे, आरवली रोड, उक्षी, भोके. एक्स्प्रेसने रत्नागिरीला जाणाऱ्याला ही नावं नीट वाचताही येत नाहीत. पिवळी पाटी खिडकीसमोरून सर्रकन निघून जाते आणि पुढचा बोगदा सुरू होतो. ही नावं वाचता येतात ती पॅसेंजरने येणाऱ्याजाणाऱ्यांना, कारण त्यांची गाडी तिथे थांबते. मीही याच पट्ट्यातला. म्हणून हे प्रकरण दुरून पाहिलेलं नाही, पण जमेल तितकं नीट मांडायचा प्रयत्न करतो.

प्रकरण एका गाडीचं आहे. रत्नागिरी–दादर पॅसेंजर, नंबर ५०१०३ आणि ५०१०४. पहाटे रत्नागिरीहून निघायची, वाटेतलं लहानमोठं स्टेशन घेत दुपारी दादरला पोचायची. परत दादरहून दुपारनंतर सुटून रात्री उशिरा रत्नागिरी. मार्च २०२० मध्ये देशातल्या सगळ्याच प्रवासी गाड्या थांबल्या, तशी हीही थांबली. पुढे ती सुरू झाली, पण दादरला पोचली नाही. ती आता ठाण्याच्या अलीकडच्या दिवा स्टेशनापर्यंतच येते आणि दिव्याहूनच सुटते.

मग कामथे स्टेशन बंद आहे की उघडं? कागदावर ते उघडं आहे. गाडी थांबते, तिकीट मिळतं. पण कामथ्याच्या माणसाला जिथे जायचं होतं तिथे ही गाडी आता नेत नाही. बंद पडलेली आणि पुन्हा उघडलेली स्टेशनं म्हटली की आपण कुलूप, गवत वाढलेला फलाट, पुसट झालेली पाटी असलं काहीतरी डोळ्यांसमोर आणतो. कोकणात तसं झालं नाही. इथे स्टेशनं अर्धी उघडली, आणि अर्धं उघडलेलं स्टेशन कुणाच्या यादीत येत नाही.

गाडीच्या आधी

कोकणाला थांबे बंद होण्याची सवय जुनी आहे. रेल्वे यायच्या कितीतरी आधी मुंबईहून बोट यायची. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला ही तेव्हाची स्टेशनंच होती. बोट खोल पाण्यात उभी राहायची, पडावातून माणसं आणि सामान किनाऱ्याला यायचं. पुढे एसटी गावोगाव पोचली, रस्ते झाले आणि बोट बंद झाली. त्या बंदरांमधली कितीतरी गावं एकेकाळी मुंबईच्या सर्वांत जवळची होती. बोट गेल्यावर तीच सर्वांत लांबची झाली, कारण किनाऱ्यावरून घाटी रस्त्याने महामार्गापर्यंत चढून यावं लागायचं.

रेल्वेने हा नकाशा पुन्हा बदलला. दिवा–पनवेल मार्ग पेण, नागोठणे करत १९८६ मध्ये रोह्यापर्यंत आला. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. १९९३ मध्ये रोहा ते वीर हा उत्तरेकडचा पहिला तुकडा सुरू झाला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी सगळा मार्ग वाहतुकीला खुला झाला. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४० किलोमीटरच्या आसपास लांबी, साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा, पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल. हे आकडे आमच्याकडच्या पोरांना पाठ असतात, आणि असावेतच.

पण हा मार्ग किनाऱ्याने जात नाही, तो आतून जातो. त्यामुळे संगमेश्वर रोड, राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड. नावापुढे ‘रोड’ लागलं की समजायचं, मूळ गाव अजून दूर आहे. किनाऱ्याच्या माणसाला आधी एसटी किंवा वडाप (माणसं भरून नेणारी खाजगी जीप) करून स्टेशन गाठावं लागतं, आणि ते स्टेशन जितकं जवळचं तितकं बरं. म्हणून लहान स्टेशनांची किंमत इथे उत्पन्नाच्या वहीतून कळणार नाही. चिपळूण किंवा रत्नागिरीला जाऊन गाडी पकडायची तर एखाद्या म्हातारीचा अर्धा दिवस आणि रिक्षाचे पैसे जातात. तीच गाडी उक्षीला मिळाली तर ती डोक्यावर बोचकं घेऊन चालत येते.

थर उचलले गेले त्याचा क्रम

बंद होणं एका दिवसात झालं. २२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू, त्याला लागून गाड्या बंद, मग टाळेबंदी. त्यावर कुणाची तक्रार असायचं कारण नाही. उघडणं मात्र थराथराने झालं, आणि या प्रकरणाची सगळी गाठ त्या थरांच्या क्रमात आहे.

पहिल्या थरात विशेष गाड्या आल्या. २०२० च्या गणपतीत, ऑगस्टच्या मध्यापासून, कोकणात विशेष गाड्या सोडल्या गेल्या. त्यांत आरक्षणाशिवाय चढता येत नव्हतं. जनरल डबाही आरक्षित सेकंड सिटिंग म्हणून विकला जात होता, वर आरक्षणाचे १५ रुपये. संसर्ग रोखायला ते बरोबरच होतं. पण त्याचा अर्थ असा की जिथे गाडी थांबते आणि जिथून आरक्षण होतं तेवढीच स्टेशनं उघडी. आरवली रोडहून रत्नागिरीच्या सिव्हिल हॉस्पिटलला जाणारा माणूस आरक्षण करून कधीच जात नसतो. त्याच्यासाठी रूळ चालू होते आणि स्टेशन बंद होतं.

दुसरा थर वेळापत्रकाचा. याच काळात रेल्वेने ‘शून्याधारित वेळापत्रक’ करायला घेतलं. त्यात आयआयटी मुंबईची मदत होती. जुनं वेळापत्रक पुढे ओढण्याऐवजी कोरा कागद घ्यायचा, देखभालीसाठी रूळ मोकळे राहतील असे तास आधी राखून ठेवायचे आणि मग गाड्या बसवायच्या, ही कल्पना. अभियंत्याच्या नजरेने ती शहाणपणाचीच आहे. पण कोऱ्या कागदावर प्रत्येक थांब्याला आपलं असणं नव्याने सिद्ध करावं लागतं. कित्येक पॅसेंजर गाड्या एक्स्प्रेस झाल्या. आमच्याकडे दिवा–सावंतवाडी पॅसेंजर १०१०५/१०१०६ नंबरची एक्स्प्रेस झाली, रत्नागिरी–मडगाव पॅसेंजर १०१०१/१०१०२ झाली. डबे तेच, वळणं तीच, रखडणंही तेच. बदललं ते भाडं.

भाड्याचा हा तिसरा थर मला सर्वांत बोचतो. साध्या पॅसेंजरचं किमान तिकीट १० रुपये आणि मेल-एक्स्प्रेसचं ३०. मुंबई–रत्नागिरी जाणाऱ्याला हा फरक फारसा जाणवत नाही. दोन स्टेशनं ओलांडून बाजाराला जाणाऱ्याला तो तिप्पट पडतो. त्यात कोकण रेल्वेवर प्रवासी भाडं काढताना प्रत्यक्ष अंतर ४० टक्क्यांनी वाढवून धरतात. मार्ग बांधायला काढलेलं कर्ज फेडायचं होतं, म्हणून ही व्यवस्था सुरुवातीपासूनची. म्हणजे इथला माणूस आधीच जास्त किलोमीटरचे पैसे भरत होता, त्यावर हे किमान भाडं आलं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये विशेष गाड्यांचे शून्याने सुरू होणारे नंबर जाऊन नेहमीचे नंबर परत आणायचं ठरलं. २०२२ च्या फेब्रुवारीअखेर अनारक्षित डबे पुन्हा अनारक्षित करायचा निर्णय झाला. लहान स्टेशनाचं दार खऱ्या अर्थाने तेव्हा उघडलं, बंद झाल्यापासून दोन वर्षांनी. साध्या गाड्यांचं किमान भाडं १० रुपयांवर यायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. त्यातही ज्या गाडीला एक्स्प्रेसचा नंबर मिळाला ती एक्स्प्रेसच राहिली.

चार वर्षांत एकेक थर उचलला गेला. दादरचा थर उचलला गेला नाही.

दादर म्हणजे काय, दिवा म्हणजे काय

बाहेरच्या माणसाला वाटेल, त्यात काय एवढं? दिव्याला उतरा, लोकल पकडा, तासाभरात दादर.

कोकणातून मुंबईला कोण जातं आणि काय घेऊन जातं हे पाहिलं की उत्तर मिळतं. गिरण्या बंद होऊन जमाना झाला, तरी लालबाग, परळ, शिवडी, वरळी, गिरगाव इथल्या खोल्यांशी आमच्या घरांची नाळ आहे. पॅसेंजरने जाणारा माणूस हलका नसतो. एप्रिल-मेमध्ये आंब्याची पेटी, फणस, एरवी तांदूळ, कुळीथ, कोकमं, आठळ्यांची पिशवी. बरोबर म्हातारं माणूस, कडेवर पोर. दादरला उतरलं की मध्य आणि पश्चिम दोन्ही मार्ग हाताशी. परळ-लालबागला टॅक्सी परवडते, विरारकडे जाणाऱ्याला जिना ओलांडला की लोकल.

दिव्याला उतरलं की जिना चढून दुसऱ्या फलाटावर यायचं आणि डोंबिवली-कल्याणकडून आधीच भरून आलेल्या लोकलमध्ये हे सगळं सामान घेऊन घुसायचं. पेटी डब्यात न्यायची तर लगेजच्या डब्यापर्यंत धावायचं. परतीला तर आणखी अवघड. दादर हे सुटायचं स्टेशन होतं तेव्हा गाडी फलाटावर उभी असायची, माणसं शांतपणे चढायची, म्हाताऱ्याला खिडकी मिळायची. आता दादरहून दिव्यापर्यंत उभ्याने यायचं आणि मग पुढचे सात-आठ तास बसायला जागा मिळते का ते बघायचं.

आमची काकी अजूनही या गाडीला ‘दादर गाडी’च म्हणते. दुरुस्त करावंसं कुणाला वाटत नाही.

मुंबईच्या इतिहासात असं एक जुनं उदाहरण आहे. आजच्या पश्चिम रेल्वेची लोकल एकेकाळी चर्चगेटच्या पुढे कुलाब्यापर्यंत जायची. १९३० च्या अखेरीस कुलाबा स्टेशन बंद झालं आणि शेवटचं स्टेशन चर्चगेटवर आलं. पण कुलाब्याच्या माणसाला चर्चगेटला उतरून शहरातच राहायचं होतं, ट्राम होती, बस होती. तेव्हा मागे सरकला तो शहराचा एक कोपरा. दादर सोडून दिवा म्हणजे शहराच्या पोटातून शहराच्या उंबऱ्यावर येणं. जुलमाने तुलना करायची नाही, पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी दिसते. शेवटचं स्टेशन मागे सरकलं की झळ त्या एका स्टेशनाला बसत नाही, मार्गावरच्या प्रत्येक लहान स्टेशनाला बसते. भोक्याला चढणारे कमी होतात ते भोक्यात काही बदललं म्हणून नव्हे. आणि मग उद्या कुणी आकडे काढून म्हणेल की भोक्याला माणसंच चढत नाहीत.

एकेरी रूळ

रेल्वेची बाजू समजून घेतल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही, आणि ती बाजू पोकळ नाही.

वीरच्या दक्षिणेला मार्ग एकेरी आहे. दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, लूप लाइनवर, उभं राहावं लागतं. आमच्याकडे याला ‘क्रॉसिंगला पडणं’ म्हणतात. मांडवी, कोकणकन्या, तुतारी, जनशताब्दी, केरळकडे जाणाऱ्या गाड्या आणि मालगाड्या या सगळ्यांत पॅसेंजरचा नंबर शेवटचा. ती पुन्हा पुन्हा बाजूला काढली जाते. तिला उशीर झाला की तो उशीर घेऊनच ती मुंबईच्या उपनगरी मार्गावर शिरणार, आणि तिथे मिनिटामिनिटाला लोकल आहे. अशी गाडी दादरपर्यंत नको वाटणं नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाच्या जागी मलाही समजतं.

स्टेशनांचेही दोन प्रकार आहेत. एक क्रॉसिंग स्टेशन: लूप लाइन, सिग्नल, स्टेशन मास्तर. दुसरं नुसतं हॉल्ट: फलाट, पाटी, फार तर तिकिटाची खिडकी. हॉल्टवर गाडी मुख्य रुळावरच उभी राहते. ती उभी असेपर्यंत दोन क्रॉसिंग स्टेशनांमधला सगळा तुकडा अडलेला असतो. वेग कमी करणं, थांबणं, पुन्हा वेग घेणं यात जाणारा वेळ पुढे येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या खात्यात पडतो. क्रॉसिंग स्टेशनात उलट आहे. पॅसेंजरला तिथे समोरच्या गाडीसाठी थांबायचंच असतं, तोच वेळ प्रवाशांच्या कामी येतो.

यातून एक गोष्ट निघते, आणि थांब्यांसाठी अर्ज करणाऱ्यांनी ती ध्यानात धरायला हवी. एकेरी मार्गावर लहान स्टेशनाला जगवणारी गोष्ट म्हणजे लूप लाइन. कोकण रेल्वेने क्षमता वाढवण्यासाठी १० नवी क्रॉसिंग स्टेशनं हाती घेतली: इंदापूर, गोरेगाव रोड, सापे-वामने, कळंबणी बुद्रुक, कडवई, वेरवली, खारेपाटण रोड, आचिर्णे आणि कर्नाटकातली मिरजान व इन्नंजे. गोरेगाव रोड आणि सापे-वामने ही पूर्वीची साधी हॉल्टच. हेतू गाड्या जास्त चालवता याव्यात हा होता, गावाची सोय हा नव्हता. पण लूप आली की मास्तर येतो, सिग्नल येतो, दिवे येतात आणि गाडी थांबायला कारण मिळतं. म्हणून एखाद्या सुपरफास्टला थांबा द्या म्हणून मोर्चा काढण्यापेक्षा जवळच्या हॉल्टला लूप द्या अशी मागणी मला जास्त शहाणपणाची वाटते. सुपरफास्टचा थांबा प्रायोगिक म्हणून मिळतो आणि तिकीट विक्री पाहून काढूनही घेता येतो. घातलेले रूळ सहसा कुणी उखडत नाही.

मग दादर का नाही

रेल्वेची बाजू इतकी मांडल्यावर माझं मत सांगतो. मार्च २०२० मध्ये जी अडचण होती तेवढी आज नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा पट्टा दुहेरी झाला. मार्च २०२२ पर्यंत कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं, त्याच वर्षी २० जूनला ते राष्ट्राला अर्पण झालं. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे ते दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका सुरू झाली, म्हणजे लांबच्या गाड्यांना लोकलच्या रुळांवर यायची गरज तिथे कमी झाली. ठाणे ते कुर्ला हे जादा रूळ आधीपासून होते. म्हणजे दिव्याहून कुर्ल्यापर्यंत वेगळी वाट आहे आणि कुर्ल्याला लोकमान्य टिळक टर्मिनस आहे. कुर्ल्याच्या पुढे दादरकडे मात्र गर्दी खरी आहे. दादर शक्यच नसेल तर निदान टर्मिनसपर्यंत गाडी न्यावी, यात अशक्य काय आहे ते मला दिसत नाही. तिथून हार्बरही गाठता येते आणि चेंबूर, घाटकोपर, सायनकडच्या आमच्या माणसांना रिक्षा-टॅक्सी परवडते.

दुसरी गोष्ट डब्यांची. वारंवार थांबणाऱ्या गाडीला इंजिन लावून ओढण्यापेक्षा मेमू, म्हणजे लोकलसारखी वेगळ्या इंजिनाशिवाय विजेवर चालणारी गाडी, बरी. तिच्या मोटारी गाडीभर विखुरलेल्या असतात, त्यामुळे थांबल्यावर वेग लवकर धरते, आणि दोन्ही टोकांना चालकाची केबिन असल्याने इंजिन फिरवत बसावं लागत नाही. गणपतीत दिवा–चिपळूण मेमू सोडल्या गेल्या आहेत, म्हणजे हे इथे करून पाहिलेलं आहे. लहान स्टेशनावर जाणारा वेळ मेमूने थोडा वाचला तर थांबा काढून टाकायचं एक कारणही कमी होतं.

तिसरी अडचण कागदाची आहे आणि ती सर्वांत चिवट आहे. कामथ्याचा फलाट कोकण रेल्वेचा. रोह्याच्या उत्तरेचे रूळ मध्य रेल्वेचे, गाडी दादरला न्यायची की दिव्याला हे त्या टोकाला ठरणार. मागणी करणारा माणूस एका रेल्वेच्या दारात उभा आणि निर्णय दुसरीच्या हातात. कोकण रेल्वे स्थापन झाली तेव्हा केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. भारतीय रेल्वेत विलीन व्हायला २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही संमती दिली. विलीनीकरण झालं की दुहेरीकरणाला पैसा मिळेल असं सगळे म्हणतात, आणि मिळावाच. मला त्याहून जवळची आशा आहे की रोह्याची ही शिवण निघेल, आणि एकाच गाडीचं एक टोक एकाच्या वहीत, दुसरं टोक दुसऱ्याच्या वहीत असं राहणार नाही.

तोवर एक काम आपल्या हातातलं आहे. लहान स्टेशनावरून जाताना तिकीट काढायचं, आणि त्याच स्टेशनाचं काढायचं. कित्येक जण वडापने चिपळूणला जाऊन तिथून तिकीट काढतात, किंवा दोन स्टेशनांसाठी कशाला म्हणून काढतच नाहीत. रेल्वेच्या वर्गवारीत हॉल्टचे तीन गट आहेत, आणि ते उत्पन्न व प्रवासीसंख्येवर ठरतात. वर्षाला ५ लाखांपर्यंत उत्पन्न असलेलं हॉल्ट सर्वांत खालच्या गटात. उक्षीहून चढलेला माणूस रत्नागिरीच्या वहीत गेला तर उक्षीच्या बाजूने बोलायला कागद उरत नाही.

पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्यांचा वेग कमी करतात. दरडी, माती, पाणी, त्यामुळे तो करावाच लागतो. त्या दिवसांत पॅसेंजर आणखी मागे पडते. दिव्याला उतरेपर्यंत संध्याकाळच्या लोकलची गर्दी सुरू झालेली असते. गणपतीहून परतणारी माणसं गौरीच्या ओवशाची सुपं, तांदळाची पिशवी, झोपाळलेली पोरं सांभाळत त्या जिन्याखाली उभी असतात. वरून लोकलची घोषणा ऐकू येते, फास्ट, दिव्याला थांबणार नाही.